धुळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटचा अनुभव : व्हिसाचं काम एक नंबर, तिकिटं मात्र स्वतः तपासा

व्हिसाच्या कामाला ५ स्टार, तिकिटाच्या कामाला १, आणि परवा ऑफिसात बसवून जे काय ऐकवलं त्याला शून्य. सरासरी काढली तर दोनच येतात पण चहा चांगला पाजतात म्हणून ३ देतोय. दुकानाचं नाव टाकत नाही, धुळं केवढंसं, उद्या आग्रा रोडवर समोरासमोर भेटायचंय आणि त्यांच्या लग्नकार्यात जेवायलाही जायचंय.

आधी चांगलं सांगतो. माझा लहान भाऊ अमेरिकेत शार्लटला असतो. २०१८ च्या पावसाळ्यात आई-आप्पांचा व्हिसा यांच्याकडूनच केला. दुसऱ्या टेबलावर ज्या ताई बसतात ना, त्यांनी तो डीएस-१६० चा लांबलचक फॉर्म आईला एकेक प्रश्न मराठीत समजावून भरला, माहेरचं नाव, जन्मगाव, आधी कुठं परदेशी गेलात का, सगळं. फोटो दोन बाय दोन इंचाचाच लागतो, चष्मा काढूनच लागतो, हे आधीच सांगितलं त्यामुळे तिथं जाऊन धावपळ झाली नाही. मुंबईला बीकेसीत एक दिवस बोटांचे ठसे आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत, म्हणून मुक्काम धरूनच निघा हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा फी माणशी १६० डॉलर होती, २०२३ पासून १८५ झाली. आप्पा एसटीचे रिटायर कंडक्टर, त्यांची ताईंनी रंगीत तालीम घेतली, परत कधी येणार विचारलं तर आप्पा म्हणाले कापूस वेचायच्या आत. ताई म्हणाल्या आप्पा तिथं फक्त तारीख सांगा. दोघांना दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. इथपर्यंत तक्रार शून्य.

आता तिकिटं. जानेवारी २०१९ ला आई-आप्पा निघाले. मालकांनी स्वस्तात बसवून देतो म्हणून मुंबई-न्यूअर्क एक तिकीट आणि न्यूअर्क-शार्लट दुसऱ्याच विमान कंपनीचं वेगळं तिकीट काढून दिलं, वेगळा पीएनआर. मधे अडीच पावणेतीन तास. मी विचारलं पुरेल का, तर म्हणे "अहो लोकं दीड तासात बदलतात."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरता तिथंच इमिग्रेशन होतं, तिथंच बॅगा घ्याव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात, पुन्हा द्याव्या लागतात, आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा सिक्युरिटीच्या लायनीत उभं राहावं लागतं. तिकीट एकच असेल तर बॅग लगेच तिथल्या पट्ट्यावर सोडता येते आणि विमान चुकलं तरी कंपनी पुढच्यात बसवते. तिकीट वेगळं असेल तर परत काउंटरवर जा, परत चेक-इन करा, आणि चुकलं तर तुमचं तुम्ही बघा.

आणि हे सगळं नेमकं कधी, तर तिथलं सरकार बंद असताना. २२ डिसेंबर २०१८ पासून. ट्रम्पना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर पाहिजे होते आणि डेमोक्रॅट म्हणत होते एवढे देत नाही. आपल्याकडं बजेट पास झालं नाही तर सरकारच पडतं, आणि निवडणुका तोंडावर असल्या तर लेखानुदान घेऊन तेवढ्यापुरती सोय करतात, १ फेब्रुवारी २०१९ ला आपल्याकडं तेच झालं. तिथं सरकार पडत नाही, राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी, खासदार आपल्या जागी, फक्त ज्या खात्यांचा पैसा मंजूर झाला नाही त्यांचे पगार थांबतात. आठ लाखाच्या आसपास कर्मचारी अडकले होते, त्यातले निम्म्याहून जास्त रोज कामावर येत होते, बिनपगारी. विमानतळावर बॅगा तपासणारे टीएसएवाले त्यातलेच. ११ जानेवारीचा पगार बुडाला, मग आजारी असल्याचे फोन आणखी वाढले, २० जानेवारीच्या रविवारी दहातला एक जण गैरहजर होता. हे रोज टीव्हीवर येत होतं. तिकिटाचा धंदा करणाऱ्या माणसाला हे माहीत नको? एक फोन करून बोलला असता की साहेब मधला वेळ वाढवू, तर मी वरचे चार पैसे हसत दिले असते.

आई-आप्पा न्यूअर्कला उतरले २५ जानेवारीला सकाळी. शुक्रवार. व्हीलचेअर एजंटनं बुक केली होती, ती दारातच हजर होती, याचे मार्क द्यायलाच पाहिजेत. ढकलणारे काका गुजराती निघाले, आणि आप्पांची नवापूर-सुरत गाडीवर ड्युटी करण्यात हयात गेलेली त्यामुळे गुजराती फाडफाड, दोघांची जमली. इमिग्रेशनला तासाच्या वर गेला. बॅगा आल्या. काउंटर. मग सिक्युरिटीची लाईन आणि ती लाईन काय हलेना. काकांनी सांगितलं की या पोरांना महिनाभर पगार नाही, आज दुसरा पगार बुडणार. आप्पा म्हणे मग संप का करत नाहीत? काका म्हणे कायद्यानं बंदी आहे, केला की नोकरी गेली. आप्पांचं यावर एकच वाक्य, ते आमच्या घरात अजून चालतं : "पगार नही ते गाडी नही, सरळ हिशोब शे."

त्यात अजून एक. एजंटनं जी छापील यादी दिली होती, काय न्यायचं काय नाही त्याची, त्यात लिहिलेलं, मसाले कोरडे असल्यास हातातल्या बॅगेत चालतात. आईनं काळा मसाला पाऊण किलो आणि कळण्याचं पीठ किलोभर हातातल्या बॅगेत ठेवलं, चेक-इनची बॅग फुटली तर वाया जायला नको म्हणून. आता २०१८ च्या जूनपासून तिकडं नियम आहे की साडेतीनशे मिलीच्या वरची पावडर हातात असेल तर वेगळी तपासतात. चालत नाही असं नाही, पण उघडून बघणार. तर त्या पोरानं, आई सांगते विशी-पंचविशीचा असेल, डोळे लाल झालेले, त्यानं निळे हातमोजे घालून एकेक पिशवी काढली, आईनं दोऱ्यानं बांधलेल्या गाठी न तोडता सोडल्या, कापडाचा तुकडा फिरवला, मशीनमध्ये घातला, आणि परत गाठी मारून दिल्या. काळा मसाला उघडल्यावर पाच-सहा शिंका दिल्या बिचाऱ्यानं. आईला वाटलं ओरडेल. तो सॉरी म्हणाला. आई त्याला केळीचे वेफर्स द्यायला लागली तर काकांनी तिचा हात धरला, असलं काही करायचं नसतं म्हणे.

विमान गेलं. वेगळं तिकीट असल्यामुळे त्या कंपनीनं हात वर केले. भावानं तिकडून नवीन दोन तिकिटं काढली, ३१० डॉलर, तेव्हाचे बावीस हजार. आणि ते दुपारचं विमानही वेळेवर सुटेना, कारण त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि जॅक्सनव्हिलकडच्या केंद्रांत विमानं सांभाळणारे कंट्रोलर कमी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर तर येणारी विमानं काही वेळ थांबवूनच ठेवली होती. दुपारी गेटवरच्या टीव्हीवर ट्रम्प बोलायला उभे राहिले, आप्पांना वाटलं उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करतायत. खरं म्हणजे ते तीन आठवड्यांसाठी सरकार चालू करत असल्याचं सांगत होते. ३५ दिवस चाललेलं बंदचं प्रकरण त्याच दुपारी मिटलं, भिंतीचे पैसे न मिळता. नंतर फेब्रुवारीत १.३७५ अब्जावर तोडगा निघाला आणि त्यांनी आणीबाणी जाहीर करून बाकीचं दुसरीकडून वळवलं, ते वेगळं.

मी धुळ्यात येऊन मालकांकडं बावीस हजाराचा विषय काढला. उत्तर मिळालं, "भो, ते ट्रम्पला विचारा." वर हसले. म्हणून १ स्टार.

आता परवाचं, म्हणजे २०२६ चं. यंदा आई-आप्पांना परत पाठवायचंय, व्हिसा २०२८ पर्यंत आहेच, म्हणून फक्त भाव विचारायला गेलो. तर मालकांनी सुरू केलं, साहेब अमेरिका परत बंद पडली, व्हिसा ऑफिसं बंद, कंट्रोलर पळाले, आईसवाले (बेकायदा राहणाऱ्यांना पकडणारं तिथलं खातं) विमानतळावर म्हाताऱ्यांना उचलतायत, तुम्ही आमचं शटडाऊन असिस्टन्स घ्या, माणशी साडेसहा हजार. मी म्हटलं त्यात काय मिळणार? म्हणे मार्गदर्शन.

मी एकदा पोळलेलो, यावेळी वाचून गेलो होतो. जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिसला इमिग्रेशनच्या मोहिमेतल्या केंद्रीय माणसांच्या गोळीबारात दोन अमेरिकन नागरिक मेले, त्यावरून डेमोक्रॅटनी सांगितलं की या माणसांनी तोंडावरचे मास्क काढावेत, घरात शिरायला न्यायाधीशाचं वॉरंट आणावं, तोपर्यंत खात्याच्या पैशाला आमची मतं नाहीत. सिनेटमध्ये ६० मतं लागतात आणि ट्रम्पच्या रिपब्लिकनांकडं ५३ होती. म्हणून १४ फेब्रुवारीपासून एकट्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या खात्याचा निधी थांबला. बाकीच्या खात्यांचं ३ फेब्रुवारीपर्यंत मंजूर झालं होतं, त्यात परिवहनही आलं, म्हणजे कंट्रोलरचा पगार चालू होता. व्हिसाचं काम परराष्ट्र खात्याचं, ते बरंचसं आपण भरतो त्या फीवरच चालतं, तेही चालू होतं. आणि ज्या आईसवरून हे सगळं भांडण होतं, त्यांना २०२५ च्या जुलैतल्या मोठ्या कायद्यात आधीच ७५ अब्जाच्या आसपास देऊन ठेवलेत, त्यांची गाडी थांबत नव्हती. राहिलं कोण, तर तो गाठी बांधून देणारा पोरगा, तो त्याच खात्यात मोडतो.

हे मी मालकांना म्हटलं तर म्हणे तुम्ही फार वाचता. ताई खाली मान घालून हसत होत्या.

तर ज्यांना जायचंय त्यांनी व्हिसासाठी बिनधास्त जा, पण ताईंच्याच टेबलावर बसा, आणि त्या सुटीवर असतील तर सोमवारी परत या. तिकीट एकाच पीएनआरवर मागा, मधे चार तास तरी ठेवा, फिरवून दुसरंच सांगायला लागले तर उठा. छापील यादी फाडून टाका. पावडरी सगळ्या चेक-इनच्या बॅगेत, आणि कस्टमला खाण्याचं आहे म्हणून खरं सांगून टाका. बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) पार चुरा झाला होता ते मात्र एजंटच्या माथी मारत नाही, त्यांचं पॅकिंग मीच केलं होतं.