बालपणी अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठीचे समुपदेशन : कोल्हापुरातील एका केंद्राविषयी

बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या पुरुषांसाठी कोल्हापुरातील एक समुपदेशन केंद्र वैयक्तिक बैठका घेते आणि महिन्यातून एकदा अशा पुरुषांचा गटही भरवते. गटातील माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव जाहीरपणे लिहू नये, अशी तेथील विनंती आहे आणि ती मी पाळत आहे; शहरातील मानसोपचारतज्ज्ञांकडे विचारणा केल्यास पत्ता मिळतो.

मी तेथे गेलो तेव्हा चाळिशी उलटलेली होती. अत्याचार करणारा नात्यातलाच होता आणि घरात त्याला मान होता, एवढेच येथे पुरेसे आहे. समुपदेशकांनीही याहून अधिक काही विचारले नाही, आणि या सेवेचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो. काय घडले हे सविस्तर सांगितल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत, या भीतीने अनेक पुरुष वर्षानुवर्षे दाराबाहेरच थांबतात. येथे पहिल्या काही बैठकांत झोप, अचानक येणारा राग, पत्नीचा स्पर्शही नकोसा होणे अशा आजच्या त्रासांवरच बोलणे झाले आणि जुन्या घटनेकडे केव्हा व किती वळायचे, हे माझ्यावर सोपवले गेले.

“तू प्रतिकार का केला नाहीस?” हा प्रश्न तालमींच्या या शहरात वाढलेला पुरुष दुसऱ्या कोणी विचारण्याआधी स्वतःलाच विचारत असतो. भीतीने शरीर गोठून जाणे ही मेंदूची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, ती भित्रेपणाची खूण नव्हे, हे समुपदेशकांनी शांतपणे समजावून दिले. त्याहून अवघड गोष्टही त्यांनी आपणहून काढली. अशा वेळी शरीराने दिलेला प्रतिसाद इच्छेवर अवलंबून नसतो, त्यामुळे तो संमतीचा पुरावा ठरत नाही. हे वाक्य मला पंधराव्या वर्षी कोणी सांगितले असते, तर माझे तारुण्य निराळे गेले असते. स्वतःच्या मुलाला अंघोळ घालतानाही मला भीती वाटत असे, कारण ज्याच्यावर अत्याचार होतो तो पुढे अत्याचार करतोच, अशी माझी समजूत होती. बहुसंख्य पीडित पुरुष तसे काहीही करत नाहीत, हे तेथे कळले.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगणाऱ्या बालकांपैकी 52.94 टक्के मुलगे होते. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानेही मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाही. असे असूनही या समुपदेशन केंद्राच्या नोंदणी अर्जात सासरच्या त्रासाविषयीचे रकाने आहेत आणि भिंतीवरील सर्व चित्रे स्त्रियांची आहेत. मोठ्या मुश्किलीने आत आलेल्या पुरुषाला आपण चुकीच्या जागी आलो आहोत असे वाटावे, इतकी ही उणीव गंभीर आहे. ती मी लेखी कळवली असून अर्ज बदलण्याचे आश्वासन मिळाले आहे.

गोपनीयतेबाबत मात्र केंद्र चोख आहे. सांगितलेली कोणतीही गोष्ट बाहेर जाणार नाही, परंतु एखाद्या बालकाला आज धोका आहे असे बोलण्यातून लक्षात आले, तर पॉक्सोच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक राहील, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केले जाते. ही मर्यादा आधी समजल्यामुळे माझा विश्वास वाढला.

गटात पंचविशीच्या तरुणापासून नातवंडे असलेल्या आजोबांपर्यंत सर्व वयांची माणसे येतात आणि एकमेकांना केवळ ‘दादा’ किंवा ‘काका’ म्हणतात. बोलण्याची सक्ती नाही. एक काका तर कित्येक महिने फक्त ऐकत बसले होते. दुसऱ्या पुरुषाने रडत रडत आपलीच गोष्ट सांगावी आणि खोलीतील कोणीही नजर खाली घालू नये, हे मी आयुष्यात प्रथम तेथे पाहिले. त्यानंतरच मला पत्नीशी बोलता आले. ती ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग पुढच्या बैठकीला तीही बरोबर आली. जोडीदारासाठी वेगळा वेळ देण्याची सोय येथे आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा.

गटाची वेळ संध्याकाळची असल्याने गडहिंग्लज, चंदगडकडच्या सदस्यांना परतीच्या एसटीसाठी मध्येच उठावे लागते. गट सकाळी भरवला, तर ही अडचण दूर होईल. वैयक्तिक बैठकीचे शुल्क ऐपतीप्रमाणे कमी केले जाते, गटासाठी शुल्क नाही. मात्र गटात येण्यापूर्वी समुपदेशकांना एकदा एकट्याने भेटावे लागते. ज्यांना एवढेही अजून जमत नसेल, त्यांच्यासाठी शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते.