साळवी स्टॉपचा रूम एजंट: ५ पैकी ३ स्टार

मिरजोळे एमआयडीसीत जॉब लागला म्हणून देवरुखवरून रत्नागिरीत आले, या एजंटकडून वन आरके घेतली. माणूस गोड बोलतो, रूम सांगितली तशीच निघाली, त्याचे मार्क फुल. पण भाडं सोडून बाकीचं काही आधी सांगेल तर शपथ! डिपॉझिट, वर एक महिन्याचं भाडं कमिशन, आणि अॅग्रीमेंटचा "सगळं मिळून" एकच आकडा, हिशोब मागितला की नुसता हसतो. तर ऐका, लिव्ह अँड लायसनची (म्हणजे याच भाड्याच्या अॅग्रीमेंटची) स्टॅम्प ड्युटी साधारण एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, रजिस्ट्रेशन शहरात १००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००, म्हणजे ५००० भाडं आणि ११ महिने धरले तर सरकारी खर्च दीड हजाराच्या आतच, बाकी सगळी त्याची मजुरी. आणि रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची असते, हे तर तो चुकूनही बोलणार नाही.

गादी, शेगडी, बादल्या हा खर्च वेगळाच (डबे आईकडून ढापले). मे मध्ये रूम बघायला जाल तर एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की सरळ विचारा, पावसात ओल येते का म्हणून.