कोकोला दुसरा भाग हवा की नको, आणि मुलांना पहिला कधी दाखवायचा

परवा ताईचा फोन आला. तिच्या मुलाला आता आठवं लागलंय आणि 'कोको' हा अॅनिमेशनचा पिक्चर अजून दाखवलेला नाही, कारण तो हळवा आहे, पिक्चरमध्ये कोणी मेलं की दोन दिवस तेच तेच विचारत बसतो. आता तिने कुठेतरी वाचलं की कोकोचा दुसरा भाग २०२९ ला येतोय, तर तिचं म्हणणं असं की मग थांबूया ना, तेव्हा त्याला अकरावं लागलेलं असेल, दोन्ही भाग एकदमच दाखवू, त्याला कळेलही जास्त. मी म्हटलं, नको थांबूस. पण का ते फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहायला बसले, कारण तिच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा मोठा प्रश्न आहे, की या पिक्चरला दुसरा भाग हवाच कशाला. माझं मत आधीच सांगून टाकते, गरज नाहीये. पण दुसऱ्या बाजूलाही दम आहे, तीही बघू. (पुढे शेवट सांगितलेत, ज्यांना नको असेल त्यांनी आधी पिक्चर बघा.)

कोको आला २०१७ ला. मेक्सिकोत तो आधी लागला, ऑक्टोबरच्या शेवटी, म्हणजे बरोबर दिया दे मुएर्तोसच्या, मृतांच्या सणाच्या तोंडावर, अमेरिकेत मग नोव्हेंबरात. जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर गल्ला, दोन ऑस्कर, एक सर्वोत्कृष्ट अॅनिमेशन पिक्चरचं आणि एक 'रिमेंबर मी' गाण्याला. दिग्दर्शक ली अंक्रिच, सोबत अॅड्रियन मोलिना. दुसऱ्या भागाची घोषणा डिस्नेच्या बॉब आयगरने मार्च २०२५ मध्ये भागधारकांच्या वार्षिक सभेत केली, आणि जोडी तीच आहे, अंक्रिच आणि मोलिना. अंक्रिच २०१९ मध्येच पिक्सार, म्हणजे कोको बनवणारा डिस्नेचा स्टुडिओ, सोडून गेला होता, तो परत येतोय ही लहान गोष्ट नाही.

आता शेवट बघा कसा आहे. बारा वर्षांचा मिगेल मेलेल्यांच्या जगातून धावत घरी येतो, पणजी मामा कोको खुर्चीत बसलीये, नजर कुठेतरी लांब, कोणाला ओळखत नाही. तो ओरडून बघतो, फोटो दाखवून बघतो, काही होत नाही. मग गिटार घेतो आणि तिच्या बाबांनी तिच्यासाठी केलेलं गाणं हळू आवाजात गायला लागतो, आणि तिच्या चेहऱ्यावर आधी नुसती हालचाल होते, मग ती कापऱ्या आवाजात त्याच्याबरोबर गायला लागते. आजी एलेना शेजारी रडतेय तर मामा कोको तिलाच विचारते, काय झालं गं. मग ती टेबलाचा खण उघडते, त्यात एक वही, वहीत बाबांची पत्रं आणि फाटलेल्या फोटोचा राहिलेला तुकडा, ज्यावर बाबांचा, हेक्टरचा, चेहरा आहे. सुरुवातीला आपण जो फोटो बघितला त्यात डोकं गायब होतं, तो तुकडा इतकी वर्षं याच खोलीत होता. मग एक वर्षानंतरचा सण, ओफ्रेंडावर, म्हणजे घरात गेलेल्यांचे फोटो मांडतात तिथे, मामा कोकोचा फोटो आलेला, आणि हेक्टर पहिल्यांदा झेंडूच्या पाकळ्यांचा पूल ओलांडून घरी येतो.

म्हणजे पिक्चरने पहिल्या पाच मिनिटांत जी जखम दाखवली ती शेवटच्या पाच मिनिटांत भरलेली असते. दुसरा भाग करायचा तर एकतर ती उकरावी लागेल नाहीतर नवीन करावी लागेल. मी हल्ली कुठल्याही सिक्वेलला हेच लावून बघते, पहिल्याच्या शेवटी काही उघडं राहिलं होतं का.

'इनसाइड आऊट' शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक लगेच कळतो. २०१५ च्या त्या पिक्चरच्या शेवटी रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात, जिथे तिच्या भावना पात्रं होऊन राहतात, नवीन मोठा कंट्रोल बोर्ड बसवतात, त्यावर वयात येण्याचं बटण असतं, कोणालाच माहीत नसतं ते कशासाठी आहे. मुलगी अकरा-बारा वर्षांची. हा उघडा दरवाजाच आहे ना. २०२४ च्या दुसऱ्या भागात ती तेरा वर्षांची होते, तेच बटण वाजायला लागतं, आणि चिंता नावाची नवी भावना येऊन बसते. मला पहिला जास्त आवडतो, पण दुसरा उपरा वाटत नाही, कारण त्याचं बी पहिल्यातच होतं. तेरा-चौदा वर्षांचं मूल घरात असेल तर दुसरा दाखवाच, शेवटाकडे चिंता नुसती गरगर फिरत राहते आणि थांबताच येत नाही तिला, तो सीन बघून मुलं स्वतःबद्दल बोलायला लागतात.

निमोचं उदाहरण तर मला फार आवडतं. 'फाइंडिंग निमो' २००३ चा, त्यात डोरी नावाची विसराळू मासळी म्हणते की विसरण्याचा आजार आमच्या घराण्यातच आहे, निदान मला तसं वाटतं, आणि मग एकदम थबकून विचारते, कुठे आहेत ते? आपण हसतो आणि पुढे जातो. तेरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने, अँड्र्यू स्टँटनने, तेवढा एक प्रश्न धरला, आईबाप कुठे आहेत, आणि 'फाइंडिंग डोरी' केला. त्यात तिचे म्हातारे आईबाप रोज शिंपले गोळा करून समुद्राच्या तळावर चहूबाजूंनी रांगा लावत असतात, कधीतरी एखादी रांग धरून ती घरी येईल म्हणून. पिक्चर म्हणून निमो वरचढ आहे, पण ते शिंपले बघितल्यावर दुसरा भाग नको होता असं माझ्याने म्हणवत नाही.

मग कोकोत असं काही उघडं राहिलंय का? आहे, दोन गोष्टी आहेत. एक चिचारोन. हेक्टर ज्याच्याकडे गिटार मागायला जातो तो म्हातारा, झोळीत पडलेला, एक गाणं ऐकतो आणि तिथल्या तिथे सोनेरी धूळ होऊन विरून जातो, कारण जिवंत माणसांत त्याची आठवण ठेवणारं कोणी उरलेलं नाही. मिगेल विचारतो, कुठे गेला तो? हेक्टर म्हणतो, कोणालाच माहीत नाही. माझी खरी भीती हीच आहे, की दुसऱ्या भागात कोणीतरी उठून याचं उत्तर द्यायला जाईल. विसरलेल्यांचं आणखी एक जग दाखवतील, त्याचे नियम, त्याची दारं, तिथून परत आणायची युक्ती, आणि मग पहिल्यातला तो सीन कायमचा हलका होईल, कारण मुलांना माहीत असेल की तो पुढच्या भागात सापडतो. काही प्रश्न पिक्चरने मोकळेच सोडलेले बरे असतात, आणि हा तसा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मिगेलची तान्ही बहीण. शेवटच्या सणात ती त्याच्या कडेवर आहे आणि तो तिला फोटोतल्या एकेकाबद्दल सांगतोय. हा दरवाजा मला मान्य आहे, पण तो उघडायचा तर काळ पुढे न्यावा लागेल.

काळाचं फार महत्त्व आहे यात. 'इन्क्रेडिबल्स'चा दुसरा भाग चौदा वर्षांनी आला, २०१८ ला, आणि गोष्ट सुरू होते पहिला संपला त्याच क्षणापासून. मजा आली, बाळाचे उद्योग भारी आहेत, पण घरातलं कोणीच एका दिवसानेही मोठं झालेलं नाही त्यामुळे नवीन सांगण्यासारखं फारसं उरत नाही. उलट ड्रॅगनवाली मालिका बघा, 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन', २०१०, २०१४, २०१९. त्यातला मुलगा हिकप दर भागात मोठा होतो, दुसऱ्यात त्याचे वडील जातात आणि तेही त्याच्याच लाडक्या ड्रॅगनच्या हातून, तिसऱ्यात त्याला तो ड्रॅगन सोडावा लागतो. तिन्ही एकामागोमाग दाखवा, बिनधास्त, सिक्वेल कसा असावा हे मला कोणी विचारलं तर मी हेच नाव घेते.

आणि टॉय स्टोरी. हा सगळ्यात अवघड मामला आहे, कारण इथे दोन्ही गोष्टी झाल्या. तिसरा भाग, २०१० चा, अँडी कॉलेजला निघालाय, खेळण्यांची पेटी छोट्या बॉनीला द्यायला जातो, लाडक्या काउबॉय बाहुल्याला, वुडीला, देताना हात मागे घेतो, मग देतो, आणि गाडीत बसायच्या आधी तिच्याबरोबर गवतात बसून शेवटचं एकदा खेळतो. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मुलांनी पहिला भाग बघितला ती मुलंही तेव्हा कॉलेजच्या वयाची झाली होती, अँडीचा आवाजसुद्धा तिन्ही भागांत त्याच जॉन मॉरिसचा. यापेक्षा चांगला निरोप मी अॅनिमेशनमध्ये बघितलेला नाही. मग २०१९ ला चौथा आला, त्यालाही ऑस्कर मिळालं, वाईट अजिबात नाही, वुडी बाकीच्यांना सोडून बो पीप या जुन्या बाहुलीबरोबर राहतो. पण आता तिसरा बघताना अँडीने वुडीला बॉनीच्या हातात दिलं की मला माहीत असतं की ती त्याला कपाटात टाकून देणारे. तो निरोप आता पहिल्यासारखा लागत नाही. पाचवा भागही २०२६ साठी जाहीर झाला होता. आणि तिसऱ्याचा दिग्दर्शक कोण होता, तर हाच ली अंक्रिच. त्याने केलेला शेवट दुसऱ्यांनी उघडला, आता तो स्वतःचा दुसरा शेवट उघडायला बसलाय. मला यातून थोडी आशाही वाटते, कारण शेवट काय चीज असते हे त्याच्याइतकं फार कमी लोकांना माहीत असेल.

पैशावरून मात्र ठरवू नका. 'मोआना २' ने १०० कोटी डॉलरच्या वर कमावले, पण तो मुळात ओटीटीसाठीची सिरीज म्हणून सुरू झाला होता, नंतर पिक्चर केला, आणि बघताना ते जाणवतं, एक संकट संपलं की दुसरं, गाणीही पहिल्यासारखी तोंडात बसत नाहीत. पहिली मोआना दाखवलीत तरी पुरे. 'बँबी २' तर मूळ पिक्चरनंतर ६४ वर्षांनी, २००६ ला आला, आई गेल्यावर आणि बँबी मोठा व्हायच्या मधली गोष्ट, म्हणजे पहिल्याने जिथे मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं तिथेच बोलायला गेले.

आता दुसरी बाजू, कारण ताई नक्की म्हणणार की तू नुसतं नको नको करतेस. मुलांना परत तिथे जायचं असतं, हे खरं आहे. पिक्चर संपल्यावर ती विचारतात, मग पुढे काय झालं, आणि हा प्रश्न लोभाचा नाही, प्रेमाचा आहे. दुसरं, सिक्वेल आला की नवीन मुलं पहिल्याकडे येतात, २०१७ ला जन्मलेली नव्हती तीही. तिसरं, नवीन गोष्टी चालत नाहीयेत. पिक्सारचा 'एलिओ' २०२५ ला आला, पूर्ण नवी कथा, आणि त्यांच्या इतिहासातली सगळ्यात कमी ओपनिंग. स्टुडिओने कमवायचं कुठून हा प्रश्न रास्त आहे. पण त्यातच मला लागणारी गोष्टही आहे, एलिओ सुरुवातीला हाच मोलिना करत होता, तो मधेच त्यातून निघाला आणि पुढे कोको २ वर आला. एक नवीन गोष्ट ज्याने सुचवली तोच जुन्या गोष्टीकडे गेला. आपण सगळे सिक्वेललाच गर्दी करतो हेही त्यात आलंच.

आणि मामा कोकोचा आवाज देणाऱ्या आना ओफेलिया मुर्गिया ३१ डिसेंबर २०२३ ला गेल्या. त्या आवाजाशिवाय मिगेलचं घर, रिव्हेरांचं घर, कसं वाटेल मला माहीत नाही. मिगेलचा आवाज देणारा अँथनी गोन्झालेझही २०२९ ला पंचविशीत असेल.

मधला रस्ताही असतो, त्याचा विचार कोणी फार करत नाही. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या 'टोटोरो'ला, १९८८ च्या, पूर्ण लांबीचा सिक्वेल कधी आलाच नाही. त्यांनी २००२ मध्ये फक्त एक छोटी फिल्म केली, मेई आणि मांजरबसचं पिल्लू, जेमतेम पंधरा मिनिटांची, आणि ती दाखवतात मुख्यतः त्यांच्या घिबली स्टुडिओच्या म्युझियममध्ये. ज्यांना परत भेटायचंय त्यांना भेटता येतं आणि मूळ पिक्चरला धक्का नाही. कोकोचंही असं काही केलं असतं तर मी आनंदाने बघितलं असतं, दान्ते कुत्र्यावर एक छोटी फिल्म त्यांनी आधी केली होतीच, २०१७ लाच.

तर ताई, दोन्ही एकदम दाखवायचा विचार सोड. तो मुलगा आत्ता विचारतोय, मेलेली माणसं कुठे जातात, आणि हा पिक्चर त्याच प्रश्नाशेजारी बसून बोलतो, घाबरवत नाही. हेक्टरचा खून झाला हे जिथे कळतं तो भाग तेवढा जड आहे, तिथे जवळ बस. चिचारोनच्या सीनला तो विचारेलच कुठे गेला, तेव्हा हेक्टरचंच उत्तर दे, बनवून काही सांगू नकोस. दुसऱ्या भागाची वाट बघत तीन वर्षं पहिला अडवून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि दोन्ही लागोपाठ बघितले तर झेंडूचा तो पूल ओलांडल्यावर मधे जी शांतता लागते तीच मिळणार नाही त्याला.

आणि २०२९ जवळ आलं, ट्रेलर आला, की एवढंच बघ, मिगेल अजून बारा वर्षांचाच आहे का. असेल तर थोडं थांबू, बघून आलेल्यांना विचारू. तो मोठा झालेला दिसला आणि ती तान्ही बहीण स्वतःच्या पायांवर चालत असली, तर पहिल्या दिवशीची तीन तिकिटं मी काढते.