एटिमऑनलाइन : लाक्षणिक अर्थाची तारीख सांगणारा कोश

डग्लस हार्पर या अमेरिकी गृहस्थांनी उभारलेला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा इंग्रजी शब्दांचा व्युत्पत्तिकोश ‘एटिमऑनलाइन’ या सुटसुटीत नावानेच अधिक ओळखला जातो आणि तो विनामूल्य पाहता येतो. एखादा शब्द आधी कोणत्या प्रत्यक्ष वस्तूसाठी किंवा क्रियेसाठी वापरला जात होता आणि त्याला लाक्षणिक अर्थ कधी चिकटला, हे शोधण्यासाठी मी तो नेहमी उघडतो. हे परीक्षणही तेवढ्याच उपयोगापुरते आहे.

‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द घ्या. कोशानुसार तो १७६७ मध्ये विशेषण म्हणून आढळतो आणि तेथे त्याचा आकाशवाणीशी काडीचाही संबंध नाही. बियाणे मुठीने चौफेर विखरणे, म्हणजे आपले शेतकरी जिला फोकून पेरणी म्हणतात, ती त्यात अभिप्रेत आहे. पुढे १७८५ पर्यंत तो लाक्षणिक अर्थाने वापरला जाऊ लागला आणि १९२२ च्या सुमारास रेडिओशी जोडला गेला, हे सारे दोन-तीन ओळींत वाचायला मिळते. ‘कास्ट’वर टिचकी मारली की फेकणे या अर्थाचे प्राचीन नॉर्स क्रियापद समोर येते. पाभरीने ओळीत पडणारे बी आणि मुठीतून उधळलेले बी यांतला फरक ज्याने पाहिला आहे, त्याला रेडिओसाठी हाच शब्द का शोभला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. लाक्षणिक वापराला स्वतंत्र साल देण्याची ही पद्धत मला या कोशाचा सर्वांत मोठा गुण वाटते, कारण रोजच्या वापराच्या शब्दकोशांत अर्थांना ओळीने क्रमांक दिलेले असले, तरी त्यांतला आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे सहसा कळत नाही.

दुसरा गुण सावधपणाचा आहे आणि तो ‘डेडलाइन’ या नोंदीत उत्तम दिसतो. अमेरिकी यादवी युद्धात, जॉर्जिया राज्यातील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या तळावर, बाहेरच्या तटापासून सुमारे १९ फूट आत एक साधा लाकडी कठडा घातलेला होता. त्याला ‘डेड लाइन’ म्हणत, आणि तो ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत असत. तळाचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर पुढे चाललेल्या खटल्यात या रेषेचा विषय निघाला आणि नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याला फाशी झाली. ही हकिकत इतकी चटका लावणारी आहे की ‘मुदत’ या आजच्या अर्थाचा उगम तिथेच झाला, असे बिनदिक्कत सांगितले जाते. कोश मात्र हा अर्थ १९२० च्या अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीतील बोलीत नोंदवतो आणि तुरुंगातल्या रेषेचा त्यावर कदाचित प्रभाव पडला असावा, एवढेच म्हणतो. मधली पन्नासेक वर्षे कल्पनेने भरून काढण्याचा मोह त्याने आवरला आहे, आणि व्युत्पत्तीच्या प्रांतात ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

उणिवाही आहेत. दिलेल्या प्रत्येक सालासोबत त्या काळचे वाक्य उद्धृत केलेले नसते; तसा पुरावा हवा असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाकडे जावे लागते आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागते. शिवाय ही साले केवळ उपलब्ध लिखित नोंदींची आहेत; शब्द बोलण्यात त्याआधीही असू शकतो. हे स्पष्टीकरण कोशातच दिलेले असले, तरी ते वाचण्याची तसदी न घेता सालच शब्दाची जन्मतारीख म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘मुंगूस’वरून आलेल्या इंग्रजी शब्दाच्या नोंदीत मराठीचा उल्लेख पाहून बरे वाटते, पण मूळ शब्द तेथे फक्त रोमन लिपीत आहे.

भाषांतर करणाऱ्यांनी तो जरूर वापरावा, मात्र शब्दाचा आजचा नेमका वापर पाहण्यासाठी शेजारी एखादा आधुनिक शब्दकोश उघडा ठेवावा. ‘ब्रॉडकास्ट’चे मूळ शेतात आहे, म्हणून बातमीपत्राच्या भाषांतरात पेरणी आणण्याचे कारण नाही.