फ्लाइट बिहेवियर : फुलपाखरं आहेतच, पण खरी गोष्ट संसाराची

काल रात्री दीड वाजता संपवली एकदाची. बार्बरा किंगसॉल्व्हरची ही कादंबरी २०१२ ची, म्हणजे मी नेहमीप्रमाणे वरातीमागून घोडं. क्लायमेट चेंजवर आहे असं ऐकून इतके दिवस टाळत होते, म्हटलं कोणीतरी शाळा घेणार आपली.

टेनेसीच्या डोंगरातलं छोटं गाव, मेंढ्या पाळणारं घर आणि त्या घरची सून डेलारोबिया. सतराव्या वर्षी दिवस गेले म्हणून घाईत लग्न, ते मूल काही राहिलं नाही पण लग्न राहिलं. आता दोन लहान पोरं, घर सासूसासऱ्यांच्याच जमिनीवर, आणि ही बाई एका टेलिफोनवाल्या पोराला चोरून भेटायला डोंगर चढतेय, चांगलं दिसावं म्हणून चष्मा घरी ठेवून! वर पोचते तर अख्खी दरी केशरी पेटलेली, पण ना धूर ना आवाज. तशीच मागे फिरते. नंतर कळतं की ती लाखो मोनार्क फुलपाखरं, जी खरं तर थंडीत मेक्सिकोत मिचोआकानच्या जंगलात असायला हवीत. ती टेनेसीत येणं ही लेखिकेची कल्पना, पण मिचोआकानमधल्या अंगांगेओ गावात फेब्रुवारी २०१० मध्ये पूर आला, दरडी कोसळल्या ते खरंच घडलेलं. त्या गावातून आलेलं एक कुटुंब पुस्तकात आहे, त्यांची छोटी मुलगी बोलायला लागते तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

नवरा, कब, वाईट नाही हीच तर पंचाईत. भला माणूस, आईबापापुढे तोंड न उघडणारा, रेडिओवाला हवामानाबद्दल बोलेल ते खरं मानणारा. सासऱ्याला कर्ज फेडायला डोंगरावरची झाडं विकायचीयेत. आणि सासू हेस्टर, ही बाई तर आपल्याकडे कुठल्याही गावात सापडेल, फक्त मेंढ्यांच्या जागी म्हशी! पण तिच्याबद्दल लगेच मत बनवू नका, एवढंच सांगते.

मला सगळ्यात आवडला तो शहरातून आलेल्या पर्यावरणवाल्याचा सीन. तो डेलारोबियाला यादी वाचून दाखवतो, पृथ्वी वाचवायला काय काय कमी करायचं त्याची. हॉटेलात जाताना उरलेलं आणायला स्वतःचा डबा न्या, तर हिने दोन वर्षांत हॉटेलाचं तोंड पाहिलेलं नाही. विमानप्रवास कमी करा, तर ही विमानात बसलेलीच नाही कधी. मी आधी खूप हसले आणि मग जरा ओशाळले, कारण ती यादी माझ्यासारख्यांसाठी होती, हप्ते मोजणाऱ्या तिच्यासाठी नाही.

आता तक्रार. लेखिका स्वतः जीवशास्त्र शिकलेली, ते जाणवतं. गोठ्यात लॅब थाटणारा शास्त्रज्ञ ओव्हिड बायरन माणूस म्हणून झकास, पण बोलायला लागला की लेक्चरच, आणि मधली शंभरेक पानं त्यामुळे रेंगाळतात. तेव्हा डेलारोबिया आणि तिची मैत्रीण डव्ही यांच्या गप्पांनी तारलं मला. डव्ही चर्चबाहेरच्या बोर्डांवरची वाक्यं हिला मेसेज करत असते, फुल टाइमपास.

इंग्रजी जरा गावरान ढंगाचं आहे, पहिली तीसचाळीस पानं चिकाटी ठेवा. शेवट सांगत नाही. चार स्टार. आणि किंडलवरच घ्या, छापील पुस्तक चारशे पानांच्या वर आहे, झोपून वाचायला हात दुखतात.