१९६७ च्या मस्टँगमध्ये ट्रेमेक टीकेएक्स: काही महिने चालवल्यानंतर

गाडी २८९ व्ही-८ ची, मूळची सी४ ऑटोमॅटिक. आता ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरचा टीकेएक्स हा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे: गुणोत्तर पहिल्याचं २.८७, पाचव्याचं ०.६८. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.५५, टायर २१५/७० आर१४.

हायवेवर फरक लगेच कळतो. ताशी १०० किमीला इंजिन आधी २,८५० आरपीएमच्या पुढे असायचं, आता १,९५० च्या आसपास असतं. मात्र ०.६८ घेण्याआधी ॲक्सल बघा. ३.०० असेल तर त्याच वेगाला जेमतेम १,६५० आरपीएम मिळतात आणि जरा चढ लागला की चौथा टाकावा लागतो. ३.०० वाल्यांनी ३.२७ चा पहिला आणि ०.७२ चा पाचवा असलेला सेट घ्यावा, उठावही बरा मिळतो.

ट्रेमेकच्याच जुन्या टीकेओ गिअरबॉक्सपेक्षा याची वरची बाजू बुटकी असल्याने टनेल (गिअरबॉक्सवरचा तळपत्र्याचा उंचवटा) कापायची वेळ आली नाही. खरी परीक्षा गिअरबॉक्सच्या पुढे आहे.

फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) २८ औंस-इंच बॅलन्सचंच हवं. १९८२ नंतरच्या ५.० लिटर इंजिनाचं ५० चं असतं, बोल्टही त्याच भोकांत बसतात, म्हणून घोळ होतो. ते लावलं तर इंजिनाचा वेग वाढेल तशी सगळी गाडी थरथरते आणि दोष गिअरबॉक्सवर येतो.

दुसरं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच. ते इंजिनाशी मध्यात बसलंय का हे मोजायला डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळ) फ्लायव्हीलवर बसवायचा, टोक मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हाताने पूर्ण फिरवायचा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनातला फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. ०.०१४ आला तर सरक त्याच्या निम्मी, म्हणजे ०.००७ ची ऑफसेट डॉवेल पिन (बेलहाउसिंग तेवढं सरकवून बसवणारी खुंटी). पिना ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ अशा मिळतात. 'नवं बेलहाउसिंग आहे, मोजायचं कशाला' असं म्हणणारे मेकॅनिक बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नका. सेंटर चुकलं की पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) ओरडतं, चढ्या आरपीएमला गिअर अडतो, कधी गिअर सुटतोही.

गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा प्रोपेलर शाफ्ट नवाच करावा लागतो. गिअरबॉक्सचं आउटपुट ३१ स्प्लाइनचं (खाचांचं) आहे, शाफ्टच्या टोकाचा जुना योक चालत नाही. शाफ्टचे अँगल मोजताना गाडी चाकांवर उभी हवी. जॅकवर ॲक्सल लोंबकळतो आणि आकडे खोटे येतात. गिअरबॉक्स जितका मागे खाली झुकलेला, तितकाच पिनियन (ॲक्सलमध्ये शिरणारा गिअर) वर, फरक १ अंशाच्या आत. इथे सुरुवातीला ताशी ११० किमीच्या पुढे घुमणारा आवाज येत होता. मागच्या स्प्रिंगच्या पानपट्ट्या आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घातल्यावर गेला.

हायड्रॉलिक क्लच पायाला हलका आहे. क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग आणि डायाफ्रामच्या (क्लचच्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांत ४-५ मिमी फट ठेवा आणि पेडलखाली स्टॉपर लावा, नाहीतर डायाफ्राम जास्त दाबला जातो.

तेल डेक्सरॉन-३ जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल). ९० नंबरचं जाड तेल घातलं तर थंडीत सकाळी दुसरा गिअर पडतच नाही. आताही गार असताना तो थोडा घट्ट जातो, तेल गरम झालं की मोकळा होतो. पहिले ५०० मैल दामटू नका.

रिव्हर्स पाचव्याच्या खाली आहे. थांबून, क्लच पूर्ण दाबून क्षणभराने टाकला की करकरत नाही. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येणारी बारीक खडखड नेहमीची आहे. क्लच दाबूनही ती चालू राहिली, तर मात्र बेअरिंग बघा.