स्लाइड लावायच्या की नुसतं बोलायचं? वडोदऱ्यातल्या संस्थांसाठी

मुलांसाठी चालवलेल्या संस्थेच्या कामाला निधी मागायला पंधरा मिनिटं मिळाली, की आधी ठरवायचं ते हेच. माझ्या मते समोर कोण बसलंय ते पाहून ठरवावं.

मकरपुऱ्यातल्या कंपनीच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) समितीपुढे जाणार असाल तर स्लाइड हव्यातच. हा पैसा २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे खर्च होतो आणि ऐकणाऱ्यांना तो पुढे संचालकांना पटवून द्यायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, तो क्रमांक पहिल्याच स्लाइडवर टाका. खर्चाचा तक्ता एकच असावा, शेवटच्या खुर्चीवरून वाचता येईल एवढा. छापील प्रती मात्र बोलून झाल्यावरच वाटा, नाहीतर सगळे कागदात डोकं घालून बसतात.

दांडिया बाजारातली मराठी कुटुंबं किंवा गणपतीचा मांडव असेल तर प्रोजेक्टर नकोच. उजेडात पडदा दिसत नाही, अंधार केला तर माणसं दिसत नाहीत. शिवाय आकड्यांनी हात खिशाकडे जातोच असं नाही. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोव्हिक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. हकीकत आणि आकडे दोन्ही दिल्यावर रक्कम १.४३वरच राहिली! तेव्हा एकाच मुलाचा एकच दिवस सांगा: सकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधणं, मग ओल्या हातांनी वही भिजू नये म्हणून ती पिशवीत गुंडाळून वर्गात येणं. मग एका मुलाचा वर्षाचा खर्च सांगायचा आणि थांबायचं. कोणी गुजरातीत विचारलं तर उत्तरही गुजरातीतच द्या.

नाव बदला, फोटो टाळा. निराधार किंवा अत्याचारग्रस्त मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ची मनाई आहे. कायदा नसता तरी त्या मुलाला उद्या याच गल्लीतून शाळेत जायचं असतं, हे आपण विसरता कामा नये.

टेबलावर पावतीपुस्तकाशेजारी क्यूआर कोड ठेवा, कारण २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली सवलत मिळत नाही.

दोन्हींची तयारी करायला वेळ नसेल तर आधी बोलण्याची करा. ऐनवेळी वीज गेली तर समितीपुढेही तीच कामी येईल.